पोट चेहऱ्यांवर, जीव झाडांवर?

लंडनच्या पॅल मॅल रस्त्यावरच्या शॉम्बर्ग हाउसचा पश्चिमेकडचा भाग १७७४ साली थॉमस गेन्सबरोने भाड्याने घेतला. दारातून आत शिरलं की त्याच्या कामाच्या खोलीपर्यंत निसर्गचित्रांची रांगच्या रांग लावून ठेवलेली असे. आपलं चित्र काढून घ्यायला आलेली बडी मंडळी त्या रांगेकडे ढुंकूनही न बघता पुढे जात. तरुणपणी त्या काळाचं लंडन पाहिलेल्या विल्यम बीची या चित्रकाराने ही आठवण सांगितली आहे. गेन्सबरोविषयीच्या जवळजवळ प्रत्येक लेखनावर तिची छाया पडलेली दिसते. जीव झाडांवर, पण पोट चेहऱ्यांवर, असा हा कलावंत. एक्सेटरचा संगीतकार विल्यम जॅक्सन हा त्याचा मित्र. त्याला लिहिलेल्या पत्रात तर गेन्सबरो उघडच म्हणतो की, पोर्ट्रेटांचा वीट आला आहे. आपलं ‘व्हायोला दा गाम्बा’ हे वाद्य उचलावं, एखाद्या सुरेख खेड्यात जावं आणि निसर्गचित्रं काढत उरलेले दिवस निवांत काढावेत.

या पत्राने अभ्यासकांचं काम फार सोपं केलं. बाजाराने जुंपलेला निसर्गकवी ही गोष्ट सांगायला सोपी आणि ऐकायला गोड. तक्रार खरी होती, यात शंका नाही. त्या तक्रारीवरून जो निष्कर्ष काढला जातो तो मात्र मला पटत नाही. गेन्सबरोची पत्रं मित्रांना लिहिलेली आहेत. ती चावट आहेत, फटकळ आहेत आणि बहुधा रात्रीच्या बैठकीनंतरची असावीत. धंद्याला शिव्या घालणं हा मित्रमंडळींतल्या बोलण्याचा जगभरचा सूर आहे. त्यातून वैताग कळतो. कॅनव्हाससमोर तो काय करत होता, हे मात्र चित्रांनाच विचारावं लागतं.

सफोक परगण्यातलं सडबरी हे लोकरीच्या कापडाचं गाव. तिथल्या एका कापड व्यावसायिकाच्या घरात हा नवव्या नंबरचा, सगळ्यात धाकटा मुलगा. बाप्तिस्मा १४ मे १७२७चा. सहा वर्षांत बापाचं दिवाळं निघालं, आणि पुढे त्याने गावचा टपालमास्तर म्हणून घर चालवलं. भावंडं कल्पक होती. हम्फ्री हा धर्मोपदेशक वाफेच्या यंत्रावर प्रयोग करायचा. थोरल्या जॉनला गाव ‘खटपट्या जॅक’ म्हणूनच ओळखायचं. पुढे गेन्सबरोच्या चित्रांत रेशीम, साटिन, जाळी अशा काही उतरल्या की त्याचा संबंध घरच्या कापडाशी जोडण्याचा मोह होतो. थोडा जोडायलाही हरकत नाही.

तेराव्या वर्षाच्या सुमारास पोरगा लंडनला आला. ह्यूबर्ट ग्रॅव्हलो या फ्रेंच चित्रकाराकडे पुस्तकांतल्या चित्रांच्या कामात त्याचा हात बसला. चित्रकार होगार्थच्या भोवती जमलेल्या सेंट मार्टिन्स लेनच्या मंडळींत तो वावरला आणि डच निसर्गचित्रांचं वेड घेऊन बसला. १७४६मध्ये मार्गारेट बर हिच्याशी लग्न झालं. ती ड्यूक ऑफ ब्यूफर्टची अनौरस मुलगी होती आणि तिला वर्षाला २०० पौंडांची नेमणूक मिळत असे. कुंचल्यावर जगू पाहणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाच्या घरात ही रक्कम म्हणजे मोठाच आधार. चरित्रकारांनी मार्गारेटला बराच काळ कजाग आणि चिक्कू ठरवलं. घरात पैसा टिकला तो तिच्यामुळे, हे मात्र त्यांच्या लेखी फारसं आलं नाही.

१७५०च्या आसपास, पुन्हा सडबरीत असताना, त्याने ‘मिस्टर अँड मिसेस अँड्र्यूज’ हे चित्र काढलं. त्यापाशी थांबायला हवं, कारण वरचा सगळा वाद या एका कॅनव्हासमध्ये आहे. चित्र जेमतेम सत्तर सेंटिमीटर उंच आणि एकशेवीस रुंद. नवरा-बायको डाव्या कडेला, ओकच्या झाडाखाली. तो बाकाला रेलून उभा, काखेत बंदूक, पायाशी कुत्रा. ती फिक्या निळ्या घेरदार पोशाखात ताठ बसलेली, घेराखालून टोकदार चपला डोकावताहेत. चेहऱ्यांवर हसू नाही. तिच्या ओठांत तर थोडी तुच्छताच आहे. उजवीकडचा अर्ध्याहून मोठा भाग शेताचा. पेरणीयंत्राने पेरलेल्या गव्हाच्या सरळ ओळी, बांधलेल्या पेंढ्या, पलीकडे कुंपणातली मेंढरं, आणि वर पाऊस पोटात धरलेलं आभाळ. झाडांतून ऑल सेंट्स चर्च दिसतं. याच चर्चमध्ये १७४८च्या नोव्हेंबरात या दोघांचं लग्न झालं होतं.

१९७२ साली कलासमीक्षक जॉन बर्जर याने ‘वेज ऑफ सीइंग’मध्ये हे चित्र घेतलं आणि म्हटलं की, ही निसर्गाची भक्ती नव्हे, हा मालकीचा ताठा आहे, जमीन आपली आहे हे त्या उभं राहण्यातच दिसतं. लॉरेन्स गॉविंगसारख्यांचं म्हणणं असं, की ही माणसं निसर्गात तल्लीन झाली आहेत. गेली पन्नास वर्षं या दोन टोकांमध्ये वाद चालू आहे. मला बर्जरचं म्हणणं बरोबर वाटतं, पण अपुरं. मालकी दाखवायची तर शेत इतक्या मायेने रंगवायची गरज नव्हती. गिऱ्हाइकाने पैसे दिले ते दोन चेहऱ्यांचे. चित्रकाराने त्या पैशांत स्वतःसाठी एक आख्खं निसर्गचित्र काढून घेतलं, आणि जमीनदारालाही ते चाललं, कारण ते शेत त्याचंच होतं. दोघांचा स्वार्थ एका चौकटीत बसला. तिच्या मांडीवरचा छोटा तुकडा रंगवायचा राहून गेला आहे. तिथे शिकार केलेला पक्षी यायचा होता की पुढे होणारं मूल, यावर कागद बराच खर्ची पडला आहे. विशेष म्हणजे आज सगळ्यांना तोंडपाठ असलेलं हे चित्र त्या घराण्याबाहेर कुणाला फारसं माहीतच नव्हतं. १९२७ला इप्सविचच्या प्रदर्शनात ते लोकांसमोर आलं आणि १९६०मध्ये नॅशनल गॅलरीत पोचलं.

१७५२पासूनची इप्सविचची वर्षं धंद्याच्या दृष्टीने बेताचीच. तिथली एकच गोष्ट सांगतो. १७५६च्या सुमाराचं ‘फुलपाखरामागे धावणाऱ्या मुली’ हे चित्र त्याने कुणाच्या मागणीवरून काढलं नव्हतं. त्याची धाकटी मुलगी मार्गारेट, वय पाचेक, काट्याच्या झुडपावरच्या पांढऱ्या फुलपाखराकडे हात टाकते आहे. थोरली मेरी तिचा दुसरा हात धरून आहे, पण तिची नजर सावध आहे. खालचे कपडे नुसत्या फटकाऱ्यांत सोडलेले, चेहरे मात्र पुरे केलेले. काटा टोचणार हे थोरलीला कळलं आहे, धाकटीला नाही. वयातला तो वर्षाचा फरक बापाने नेमका पकडला.

१७५९ साली तो बाथला गेला आणि त्याचं नशीब उघडलं. ऊन पाण्याच्या झऱ्यांचं हे गाव म्हणजे इंग्लंडच्या पैसेवाल्यांचं हवा पालटायचं ठिकाण. पाणी प्यायचं, पत्ते खेळायचे, मुलींची लग्नं जमवायची, आणि हाताशी वेळ आहे तर पोर्ट्रेटसाठी बसायचं. ॲबीच्या जवळच त्याने घर घेतलं. त्याच वास्तूत बहीण मेरी गिबन हिचं टोप्या-फितींचं दुकान. बाईने खाली टोपी घ्यावी आणि वर ती घालून चित्र काढून घ्यावं, इतकं सोयीचं. दर भराभर वाढत गेले. पुढे लंडनमध्ये पूर्णाकृती चित्राला तो शंभर गिनींच्याही वर घेऊ लागला. चित्रं लंडनच्या प्रदर्शनाला जायची ती वॉल्टर विल्टशर नावाच्या मालवाहतूकदाराच्या गाड्यांतून. विल्टशर भाडं घेत नसे; बदल्यात त्याला चित्रं मिळत. आज बर्मिंगहॅमला असलेलं ‘हार्व्हेस्ट वॅगन’ असंच त्याच्या घरी गेलं होतं.

बाथला आल्या आल्या, १७६०मध्ये, त्याने ॲन फोर्डचं चित्र काढलं. ही बाई उत्तम गायची, वाजवायची. तिला लोकांसमोर तिकीट लावून कार्यक्रम करायचे होते. बाप आडवा आला, इतका की त्याने तिला अटक करवली. गेन्सबरोने तिला मांडीवर मांडी टाकून, वाद्य घेऊन, मान वळवून बसवली आहे. पायावर पाय टाकून बसणं हे त्या काळी पुरुषांचं बसणं. भल्या घरच्या बायकांनी नाकं मुरडली. आपल्या माणसाचं चित्र असं नको, असं एका बाईने लिहूनही ठेवलं. चित्राचं कौतुक मात्र त्यांनाही करावं लागलं. आता ते अमेरिकेत सिनसिनाटीला आहे.

याच काळात त्याची पोर्ट्रेटविषयीची भूमिका स्पष्ट झाली. त्याचा प्रतिस्पर्धी जॉशुआ रेनॉल्ड्स बायकांना ग्रीक देवता बनवी. अंगावर कुठल्याच काळाची नसलेली झूल आणि मागे खांब किंवा यज्ञवेदी. १७७१ साली लॉर्ड डार्टमथच्या पत्नीच्या चित्रावरून कुरबूर झाली, तेव्हा गेन्सबरोने सरळ कळवलं की पोर्ट्रेटचा मुख्य गुण म्हणजे साम्य, आणि नाटकी वेषात बसवलेलं माणूस स्वतःसारखं दिसणार कसं? रोजच्या कपड्यांत काढतो, मग बघा. चेहऱ्यांचा तिटकारा असलेल्या माणसाला या बाबतीत इतकं भांडायचं कारण नव्हतं.

आणखी एक पुरावा ऑटावाच्या नॅशनल गॅलरीत आहे. इग्नेशियस सँचो हा गुलामांच्या जहाजावर जन्मला असं सांगितलं जाणारा आफ्रिकी माणूस, ड्यूक ऑफ माँटेग्यूच्या घरातला नोकर, वाचनाचा आणि संगीताचा शौकीन. २९ नोव्हेंबर १७६८ला बाथमध्ये तो गेन्सबरोसमोर बसला. एक तास चाळीस मिनिटांत चित्र तयार, अशी नोंद कॅनव्हासमागे आहे. अंगावर नोकराची वर्दी नाही. सोनेरी काठाचं लाल जाकीट, त्यात सद्गृहस्थासारखा खुपसलेला हात. पार्श्वभूमी गडद तपकिरी, आणि त्यातून चेहरा उजेडात येतो तो त्वचेखालच्या उबेसकट. त्या काळच्या इंग्रजी चित्रांत काळा माणूस बहुतेक वेळा कोपऱ्यात फळांचं तबक धरून उभा असे. सँचोने पुढे वेस्टमिन्स्टरमध्ये किराणा दुकान टाकलं आणि १७७४मध्ये पार्लमेंटच्या निवडणुकीत मत दिलं. ब्रिटनमध्ये मतदान केल्याची नोंद असलेला पहिला कृष्णवर्णीय म्हणून तो बराच काळ ओळखला गेला. शंभर मिनिटांत एवढं होतं ते चेहऱ्यात रस असल्याशिवाय नाही.

आता तो रंगवायचा कसा, हे पाहू. खोली जवळजवळ अंधारी, कधी नुसत्या मेणबत्त्या. सुरुवातीला बसलेल्या माणसाचे आणि चित्राचेही तपशील दिसू नयेत, फक्त मोठे आकार आणि उजेड-सावलीचे गठ्ठे दिसावेत, यासाठी हा उद्योग. कॅनव्हास माणसाच्या अगदी शेजारी लावायचा आणि आपण दोघांपासून सारख्याच अंतरावर उभं राहायचं. त्यासाठी कुंचल्यांना चार-सहा फुटांचे दांडे बांधलेले. रंग इतका पातळ की पॅलेट जरा कलली की ओघळायचा. त्यामुळे तैलरंगात असूनही जलरंगासारखा वॉश दिसतो, खालचा थर वर चमकतो. एकावर एक तिरकस फटकारे, काही नुसते ओरखडे. जवळ गेलं की बाईच्या झग्याच्या जागी राखाडी-निळ्या रेघोट्यांचा गोंधळ. चार पावलं मागे आलं की रेशीम सळसळतं.

त्या काळी मोठ्या चित्रकारांचा कारखाना असे. रेनॉल्ड्स चेहरा आणि फार तर हात करणार; कपडे रंगवायला पगारी ‘ड्रेपरी’वाले. गेन्सबरोकडे मदतीला जवळपास एकटा भाचा, गेन्सबरो ड्यूपाँ, तोही १७७२पासून. कपडे, केस, झाडं, आभाळ हे बहुतांशी सगळं त्याच्याच हातचं. माझ्या मते खरी गोष्ट इथे आहे. दुसऱ्या कुणी चेहऱ्याचे पैसे घेऊन बाकीचं काम कारागिरांवर टाकलं असतं. त्याने बाकीच्या जागेत आपलं आवडतं काम घुसवलं. ओढणीची कड ढगासारखी विरते, पिसांची टोपी आणि मागचं झाड एकाच हाताच्या झटक्यातून निघालेलं दिसतं. निसर्गचित्र विकलं जात नाही म्हटल्यावर तो ते बाईच्या अंगावर काढू लागला.

‘ब्लू बॉय’वर फार रेंगाळायचं कारण नाही, त्याच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. चित्राच्या मध्यभागी निळ्यासारखे थंड रंग नकोत असा नियम रेनॉल्ड्सने घातला, म्हणून त्याला खोटं पाडायला हे काढलं, अशी आख्यायिका आहे. रेनॉल्ड्सचं ते व्याख्यान १७७८चं. चित्र १७७०मध्ये प्रदर्शित झालेलं. खरं तर ही व्हॅन डाइक या आधीच्या शतकातल्या चित्रकाराला वाहिलेली पूजा आहे. पोशाखही त्याच्याच काळाचा. क्ष-किरणांत खाली आधी कुणा मोठ्या माणसाचं पोर्ट्रेट सुरू केलेलं दिसलं, आणि पुढे १९९५मध्ये रंगवून झाकलेला एक कुत्राही सापडला. १९२१मध्ये चित्र कॅलिफोर्नियाच्या हंटिंग्टन या संग्राहकाने घेतलं. निघण्यापूर्वी ते नॅशनल गॅलरीत ठेवलं, तेव्हा तीन आठवड्यांत नव्वद हजार माणसं बघून गेली.

लंडनमध्ये राजा तिसरा जॉर्ज आणि राणी शार्लट त्याच्यावर खूश होते. दरबारी चित्रकाराचं पद मात्र १७८४मध्ये रेनॉल्ड्सलाच मिळालं. रॉयल ॲकॅडमीचा हा संस्थापक सदस्य, पण तिच्याशी त्याचं कधी धड जमलं नाही. १७८४ला तीन थोरल्या राजकन्यांचं चित्र खाली, नजरेच्या टप्प्यात लावा, त्यातला नाजूक उजेड उंचावरून मरतो, असं त्याने कळवलं. नियमावर बोट ठेवून नकार आला. त्याने सगळी चित्रं उचलून आणली आणि पुन्हा तिथे पाऊल ठेवलं नाही. वरकरणी हा हेकेखोरपणा दिसतो; पण ज्याचं सगळं काम बघण्याच्या अंतरावर उभं आहे त्याला दुसरा मार्ग काय होता? पुढे कधी तरी हेच चित्र दरवाज्यावर बसवण्यासाठी खालून कापलं गेलं.

निसर्गचित्रांचं म्हणाल तर, या काळात तो बाहेर जाऊन ती काढतही नव्हता. टेबलावर कोळशाचे तुकडे, शेवाळ, वाळू, आरशाचे तुकडे मांडायचे. ब्रोकोलीचं झाड करायचं, आणि मेणबत्तीच्या उजेडात आख्खं रान उभं करायचं. म्हणजे रान खोलीतलं, रचलेलं. आणि समोर श्वास घेत बसलेलं खरं काही असेल तर ते गिऱ्हाईक. पोर्ट्रेट म्हणजे बंधन आणि निसर्गचित्र म्हणजे मुक्ती, ही विभागणी इथे पार उलटीपालटी होते.

शेवटच्या काही वर्षांत हे दोन्ही प्रवाह एक झाले. १७८५ची ‘मिसेस सिडन्स’ पाहावी. इंग्लंडची सर्वांत मोठी नटी. आदल्याच वर्षी रेनॉल्ड्सने तिला ढगांत सिंहासनावर बसवून शोकनाट्याची देवी केलं होतं. गेन्सबरोने तिला निळ्या पट्ट्यांचा झगा, मोठी काळी टोपी आणि हातात ऊबेसाठीचा फरचा मफ देऊन खुर्चीत बसवलं. जणू कुणाकडे चहाला आली आहे. नाक लांब आहे ते लांबच ठेवलं. याच सुमारास एलिझाबेथ शेरिडनचं चित्र झालं. बाथच्या लिन्ली या गायक कुटुंबातली ही मुलगी त्याने लहानपणापासून पाहिलेली. ती झाडाखाली बसली आहे, केस आणि ओढणी वाऱ्यावर, आणि झाडाची पालवी त्याच वाऱ्यात. तिची कड कुठे संपते आणि रान कुठे सुरू होतं, हे बोट ठेवून सांगता येत नाही.

या एलिझाबेथचा नवरा रिचर्ड शेरिडन हा नाटककार आणि खासदार. सालबाईच्या तहाने मराठ्यांशी युद्ध मिटवणारा वॉरन हेस्टिंग्ज लंडनला परतला आणि १३ फेब्रुवारी १७८८ला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये त्याच्यावर खटला उभा राहिला. अवधच्या बेगमांच्या लुटीबद्दल त्याच्यावर तुटून पडणाऱ्यांत शेरिडन आघाडीवर होता. अख्खं लंडन तो तमाशा बघायला लोटलं, त्यात गेन्सबरोही होता. तिथे बसला असताना मानेला गार काही तरी टेकल्यासारखं त्याला वाटलं. गाठ होती, कर्करोगाची. २ ऑगस्टला तो गेला. क्यू इथल्या सेंट ॲन चर्चच्या आवारात त्याला पुरलं. मरणापूर्वी त्याने रेनॉल्ड्सला बोलावून घेतलं आणि दोघांचा जन्माचा अबोला मिटला. त्या डिसेंबरात रेनॉल्ड्सने ॲकॅडमीतलं आख्खं व्याख्यान त्याच्यावर दिलं. जवळून निरर्थक दिसणारे ते ओरखडे लांबून जादूने जागच्या जागी बसतात, हे त्याने भर सभेत कबूल केलं. सगळी कारकीर्द रेखीव, पुऱ्या कामाचा पुरस्कार करण्यात गेलेल्या माणसाला ते सोपं गेलं नसणार.

त्यानंतर बाजार त्याच्यामागे लागला. १८७६ला ‘डचेस ऑफ डेव्हनशर’ १०,१०० गिनींना विकली गेली, आणि काही दिवसांतच ॲडम वर्थ नावाच्या अट्टल चोराने दुकानातून फ्रेममधून कापून पळवली. पंचवीस वर्षांनी, १९०१मध्ये, ती शिकागोत परत मिळाली. या गोष्टीवर पुस्तकं निघाली. चित्र स्वतः मात्र आज त्याच्या उत्तम कामांत गणलं जात नाही.

अलीकडच्या संशोधनात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते २०१८मध्ये लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने भरवलेलं त्याच्या घरच्या माणसांच्या चित्रांचं प्रदर्शन. बायको, मुली, भाऊ, बहिणी, भाचा, कुत्रे. पन्नासाच्या आसपास चित्रं एकत्र आली. यातल्या बहुतेकांचा एक छदामही त्याला मिळालेला नव्हता. पोर्ट्रेट ही नुसती वेठबिगार असती तर दिवसभर चेहरे रंगवून थकलेला माणूस संध्याकाळी पुन्हा चेहरेच घेऊन कशाला बसला असता? मांजर घेतलेल्या मुलींच्या चित्रात तर मांजर नुसतं रेघांत सोडलंय. वेळ गेला तो दोन्ही चेहऱ्यांवर.

मॅसॅच्युसेट्सच्या वुस्टरला असलेल्या आणखी एका चित्रात त्या दोघी चित्रकलेचं सामान घेऊन बसल्या आहेत. त्याच सुमारास, १७६४मध्ये, एका मित्राला त्याने कळवलं होतं की, मुलींना नुसते पंखे रंगवण्यापुरतं न शिकवता नीट चित्रकला शिकवतो आहे, म्हणजे वेळ आली तर त्या चार पैसे मिळवतील. शिकवत होता निसर्गचित्रं. मुलींनी त्यावर कधी पोट भरलं नाही. मेरीचं १७८०मध्ये योहान क्रिस्टियान फिशर या वादकाशी झालेलं लग्न लवकरच मोडलं, पुढे तिचं मन ताळ्यावर राहिलं नाही, आणि १८२०मध्ये स्वतः जाईपर्यंत धाकटी मार्गारेट तिला सांभाळत होती.